उलवेन खिंडीतला हातमोजा

वेलमारचा राजवाडा
मेंढ्या उतरण्याचा महिना, दिवस चौथा

ऑस्बर्नास,

सहा महिने तुझं पत्र नाही, आणि आलं ते चार ओळींचं, तेही गडावरच्या कारकुनाच्या अक्षरात. प्रकृती उत्तम, थंडी बरी, महाराज गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. असली पत्रं मला ज्यांची तोंडं आठवत नाहीत असे जहागीरदार पाठवतात. तू सात वर्षं या वाड्यात माझ्याबरोबर वाढलास. माझे धडे माझ्या अक्षरात लिहून देऊन पंतोजींचा मार चुकवलास. तुझ्याकडून ‘थंडी बरी’ एवढंच?

बाबांच्या अंत्ययात्रेलाही तू आला नाहीस. तेव्हा उन्हाळा होता, तुझी ती आग ओकणारी म्हातारी जागी होती, खिंड सोडायला तुला कोणाची आडकाठी नव्हती. मी त्या दिवशी उत्तरेच्या दरवाज्याकडे किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

असो. रागाचं झालं, आता कामाचं. कायदा तुला माहीत आहे. बाईने मुकुट घालायचा तर वसंताच्या पहिल्या दिवसाआधी तिचं लग्न झालेलं हवं. नाहीतर राज्याचा कारभार प्रधान अलार्डकडे आणि माझी रवानगी समुद्राकाठच्या मठात. अलार्डने यावर उपायही काढून ठेवलाय. उपायाचं नाव थिओबाल्ड, अलार्डचा भाचा. माणूस वाईट नाही. दाढीला तेल लावतो आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतो. पण लग्न त्याच्याशी झालं तर राज्य मामाच करणार, हे राजवाड्यातल्या मांजरालाही कळतं.

तेव्हा तू सांग, मी कोणाशी लग्न करावं? नीट विचार करून सांग. आणि या खेपेला स्वतःच्या हाताने लिही.

रोहेसा

---

उलवेन खिंड
मेंढ्या उतरण्याचा महिना, दिवस सव्विसावा

राजकन्याबाई,

हे घे, स्वतःच्या हाताने लिहितोय. अक्षर पाहून हसू नकोस. इथे शाई दौतीत गोठते, ती शेकोटीवर धरावी लागते, आणि मग कागदावर मनाला येईल तशी पसरते.

महाराजांच्या वेळी यायला हवं होतं. आलो नाही. त्याला कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नाही. माफ कर, एवढंच म्हणतो. त्यांनी मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं.

म्हातारी परवा झोपली. गुहेच्या तोंडापर्यंत शेपटी ओढून घेतली, दोनदा धूर सोडला आणि डोळे मिटले. आता वसंतात ती उठेपर्यंत रोज संध्याकाळी तिच्या कानाशी बसून काहीतरी वाचायचं. आवाज तोच लागतो. एक दिवस चुकला की कूस बदलते, दोन दिवस चुकले की एक डोळा उघडते, आणि तिसऱ्या दिवशी काय होतं ते माझ्या आजोबांच्या वेळी खालच्या तीन गावांनी पाहिलंय. या वर्षी वाचायला नवीन काही नव्हतं, म्हणून तुझं पत्र वाचलं. रागावू नकोस. थिओबाल्डच्या दाढीपाशी तिने झोपेतच नाकातून ठिणगी सोडली.

आता तुझा प्रश्न. मी तीन रात्री विचार केला. मर्सेनचा सरदार विधुर आहे, पण सज्जन आहे आणि अलार्डला भीत नाही. दक्षिणेच्या बंदराचा धाकटा मुलगा तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असेल, पण वाचतो खूप. दोघांपैकी कोणीही तुला सुखात ठेवील. मर्सेनकडे सफरचंदाच्या बागाही आहेत, तुला सफरचंदं आवडतात.

पत्र गुन्नोरा मावशीच्या मिठाच्या खेचरांबरोबर पाठवतोय. बर्फात तिच्याशिवाय या वाटेने कोणी येत-जात नाही.

ऑस्बर्न

---

वेलमार
पहिल्या बर्फाचा महिना, दिवस अकरावा

ऑस्बर्न,

तू बैल आहेस.

सफरचंदाच्या बागा. मी पत्र वाचून इतकी संतापले की दासीला वाटलं कोणी मेलं. मी तुला कोणाशी लग्न करावं असं विचारलं, तेव्हा माझ्या मनात काय होतं हे जगातल्या कुठल्याही माणसाला कळलं असतं. म्हातारीलाही कळलं असेल. तिला विचार.

राजकन्येने पुरुषाला मागणी घालायची पद्धत नाही, पण पद्धतींनी माझं आतापर्यंत काय भलं केलंय? म्हणून सरळ लिहिते. मला तू हवा आहेस. चौदाव्या वर्षापासून हवा आहेस. तुला मी नको असेन तर तसं लिही, मी दोन दिवस रडेन आणि मर्सेनची सफरचंदं खाईन. पण हवी असेन तर माझ्यासाठी आणखी नवरे शोधत बसू नकोस.

तुला वसंताच्या आत खिंड सोडता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. सोडावीस असं मी म्हणणारही नाही, त्या तीन गावांत माणसं राहतात. पण त्यालाही वाट आहे. दप्तरखान्यातल्या म्हाताऱ्याबरोबर चार दिवस धूळ खाऊन मी हातमोज्याच्या लग्नाचा कायदा शोधून काढला. पहाऱ्यावरचा नवरदेव आपला उजवा हातमोजा पाठवतो. वधू भर दरबारात तो हातात धरते आणि शपथ घेते की हा माझ्या नवऱ्याचा हात आहे. लग्न झालं. पुढे वर्षाच्या आत नवऱ्याने त्याच दरबारात येऊन तोच मोजा घालून दाखवायचा. तो हाताला चपखल बसला पाहिजे. नाही बसला तर लग्न मोडतं, आणि वधूने खोट्या हाताची शपथ घेतली म्हणून तिचा शब्द पुढे कशालाच धरत नाहीत. जिचा शब्द धरत नाहीत ती राणी कसली? मुकुट उतरवतात.

तेव्हा वसंतापर्यंत जाड होऊ नकोस.

गुन्नोरा मावशी परत निघायच्या आत उत्तर दे. मी रोज उत्तरेच्या दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याला विचारते, तो आता मला पाहिलं की आधीच मान हलवतो.

रोहेसा

---

उलवेन खिंड
लांडग्यांचा महिना, दिवस दुसरा

रोहेसा,

हो.

आणखी काय लिहू ते कळत नाही. तीन कागद फाडले. पंधराव्या वर्षी मी ही खिंड मागून घेतली, ती वाड्यात राहून तुझं लग्न पाहायला नको म्हणून. आज तुझं पत्र म्हातारीला वाचून दाखवलं नाही. हे एक माझ्यापुरतंच ठेवलं. तिला जुनी गाणी म्हणून दाखवली.

सोबत हातमोजा आहे. हरणाच्या कातड्याचा, मी वाड्यातून निघालो तेव्हा घातलेला. तुला आठवेल.

जपून राहा. अलार्ड गोड बोलायला लागला की जास्त जपून.

ऑस्बर्न

---

वेलमार
लांडग्यांचा महिना, दिवस एकोणतिसावा

माझ्या खिंडीच्या सरदारा,

मोजा मिळाला. आठवतो, न आठवायला काय झालं? मी तो उशीखाली ठेवून झोपले, आणि हे तू कोणाला सांगितलंस तर मी साफ नाकारेन.

तुला मागचं पत्र लिहिलं त्याच दिवशी, उत्तराची वाट न पाहता, मी दरबारात जाहीर केलं, तेव्हा आधी अलार्ड फार खवळला. खिंडीतला पहारेकरी राजा कसा होणार, पाच वर्षांत त्याला कोणी पाहिलं तरी आहे का, असं बरंच बोलला. मी कायद्याचा कागद पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला, आणि दोन दिवसांनी आपला माणूस रनल्फ याला नवरदेवासाठी मद्याचं पिंप देऊन तुझ्याकडे पाठवलं. गुन्नोरा मावशीच्याच खेचरांबरोबर गेला होता. भेटला असेल.

रनल्फ परत आल्यापासून मात्र अलार्ड पार बदललाय. रोज सकाळी चौकशी करतो. सभागृह सजवायला स्वतः उभा असतो. बर्फ तडकण्याच्या महिन्याचा विसावा दिवस त्यानेच मुक्रर केला. मोजा सगळ्या सरदारांना पाहायला मिळावा म्हणून मखमलीच्या उशीवर मांडून ठेवलाय. काल माझ्यादेखत तो उचलून पाहत म्हणाला, “सुंदर मोजा आहे. पाचही बोटं कशी शाबूत.” आणि हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

अजून एक. मोजा देताना गुन्नोरा मावशी माझ्याकडे बघेचना. एरवी ती तासभर बसते, गरम दूध पिते, साऱ्या खोऱ्यातल्या भानगडी सांगते. या खेपेला खेचरांना चारा घालायचाय म्हणून उठली. खेचरांना चारा आमचे मोतद्दार घालतात. मी विचारलं तर म्हणाली, “मी शपथेत बांधलेली आहे, पोरी. त्यालाच विचार.”

म्हणून विचारते. ऑस्बर्न, तू माझ्यापासून काय लपवतोयस? तिकडे दुसरी कोणी असेल तर तेही सांग. मला भीती वाटायला लागली आहे, आणि भीती वाटली की मी सगळ्यांशी वाईट वागते.

रोहेसा

---

उलवेन खिंड
शेकोट्यांचा महिना, दिवस चोविसावा

रोहेसा,

दुसरी कोणी नाही. कधी नव्हती. पण लपवलं आहे, आणि त्याने तुझं वाटोळं व्हायची वेळ आली आहे, म्हणून आता सगळं लिहितो.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी बर्फाचा पूल कोसळला आणि दोन खेचरं दरीत गेली, गुन्नोरा मावशी दरीच्या कडेला दोरावर लोंबकळली. दोर माझ्या हाताला गुंडाळलेला होता. गडावरची माणसं येईपर्यंत अर्धा दिवस गेला. मावशी वाचली. माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गोठून काळं पडलं. आमच्या न्हाव्याने दोन्ही काढली.

म्हणून सहा महिने पत्र नव्हतं. म्हणून कारकून होता. मग मी डाव्या हाताने लिहायला शिकलो, शाई गोठते वगैरे खोटं होतं. महाराजांच्या वेळी आलो नाही तेही यामुळेच. तू माझ्या अक्षराचं सगळ्यांना कौतुक सांगायचीस. तुझ्यासमोर हा हात घेऊन उभं राहायचं माझ्याच्याने होईना. मावशीकडून मी शपथ घेतली की कोणाला सांगायचं नाही.

मोजा पाठवायची वेळ आली तेव्हा मी दोन मोजे समोर ठेवले. एक आमच्या जिनगराने या हातासाठी शिवलेला, रोज घालतो तो. दुसरा जुना. मला वाटलं, दरबारात सगळे पाहणार, तुला लाज नको. उन्हाळ्यात येईन तेव्हा बोटांत कापूस भरून निभावून नेईन. इतका मूर्ख विचार मी आयुष्यात केला नव्हता, पण केला.

रनल्फ तेव्हा गडावरच होता, मावशीबरोबर आलेला. मी हात मेजाखाली ठेवून जेवत होतो. त्याने पिंप उघडून पेला पुढे केला तेव्हा विसरून उजव्या हाताने घेतला. त्याने पाहिलं. त्यानंतर तो जास्तच अदबीने वागला. आता अलार्ड का हसला ते तुला कळेल. तू त्या पाच बोटांच्या मोज्यावर शपथ घे, मुकुट घाल, आणि उन्हाळ्यात माझ्या हातावर तो मोजा रिकामा लोंबू दे, एवढंच त्याला हवंय. मग मठ, आणि राज्य त्याचं.

खरा मोजा सोबत पाठवतोय. अंगठा आणि दोन बोटं, बाकी जागा शिवून बंद केलेली. दिसायला ओबडधोबड आहे. तो भर दरबारात हातात धरवत नसेल तर धरू नकोस. मर्सेनला निरोप पाठव, अजून वेळ आहे. मी तुला कधीही दोष देणार नाही. पण जुन्या मोज्यावर शपथ घेऊ नकोस, माझी एवढी एक विनंती ऐक.

वाट बंद होत चालली आहे. मावशी म्हणते वेळेत पोचेन. तिला मी शपथेतून मोकळं केलंय, आणि तिने मला इतक्या शिव्या दिल्या की म्हातारीने झोपेत कान हलवले.

ऑस्बर्न

---

वेलमार
बर्फ तडकण्याचा महिना, दिवस एकविसावा

ऑस्बर्न,

मावशी काल सकाळी पोचली, लग्नाच्याच दिवशी. माझे केस विंचरणं चाललं होतं. दोन खेचरं वाटेतल्या गावात सोडून शेवटची मजल ती पायी आली. आल्या आल्या पत्र आणि पुडकं माझ्या मांडीवर टाकलं आणि जमिनीवर बसली.

आधी मी रडले. त्या अर्ध्या दिवसासाठी रडले, तुझ्या बोटांसाठी रडले. मग मला इतका राग आला की रडणं थांबलं. राग बोटांचा नाही, समजलं का? बोटं तू एका बाईला दरीतून वर काढताना घालवलीस, त्याचा मला अभिमान आहे आणि मरेपर्यंत राहील. राग याचा की तू वर्षभर मला असली समजत होतास. माणसाची बोटं मोजून प्रेम करणारी. त्याचं भांडण आपण समोरासमोर करू, आणि ते लहान असणार नाही.

आता कालचं सांगते. सभागृह भरलेलं होतं. अलार्डने उशी स्वतः पुढे आणली. मी जुना मोजा उचलला, दुमडला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मग तुझा खरा मोजा बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. कुजबुज सुरू झाली. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलंही.

अलार्डचा चेहरा उतरला, पण तो अलार्ड आहे. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, “राजकन्ये, दोन महिने दरबाराने एक मोजा पाहिला. आज तुम्ही दुसराच काढता. हा त्याच माणसाचा हात, हे आम्ही कसं मानावं?”

प्रश्न रास्त होता. मावशीला बोलवावं असं माझ्या मनात होतं, पण ती तुझीच माणूस, तिचं कोण ऐकणार? तेवढ्यात दाराशी उभा असलेला रनल्फ दिसला. जमिनीकडे बघत होता.

मी म्हटलं, “प्रधानजी, तुमच्याच रनल्फला विचारा. तो त्या हाताबरोबर एका मेजावर जेवून आलाय.”

तो माणूस अलार्डचं अन्न खातो. एक खोटा शब्द बोलला असता तर सगळं संपलं होतं. त्याला तलवारीवर हात ठेवायला सांगितलं. त्याने पुढे येऊन हात ठेवला. मग मान वर न करता म्हणाला, “अंगठा आणि दोन बोटं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. परत आलो त्याच दिवशी प्रधानजींनाही सांगितलंय.”

शेवटचं वाक्य मी विचारलं नव्हतं. ते त्याने आपणहून दिलं. सभागृहात हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. प्रधानाला खरं माहीत होतं, आणि तरी दोन महिने तो खोटा मोजा मखमलीवर मिरवत होता. मर्सेनचा सरदार उठून उभा राहिला आणि अलार्डला म्हणाला, की आता तुम्ही बसा. अलार्ड बसला. आज ऐकते की त्याला सांधेदुखीमुळे आपल्या जहागिरीवर जाऊन राहायचंय. मी लगेच परवानगी दिली.

थिओबाल्ड बिचारा पहिला टाळ्या वाजवणारा होता. नंतर मला कानात म्हणाला की त्याचं एका मेणबत्त्या करणारीच्या मुलीवर प्रेम आहे आणि मामामुळे बोलता येत नव्हतं. मी त्याला म्हटलं, आता बोल.

मग मी तुझा मोजा दोन्ही हातांत धरला. शिवण खरखरीत आहे, आतल्या बाजूला कातडं झिजून मऊ झालंय. मी शपथ घेतली, हा माझ्या नवऱ्याचा हात आहे. आवाज कापला नाही. मावशी म्हणते कापला, पण ती तेव्हा स्वतःच हुंदके देत होती.

दहा दिवसांनी मुकुट. तेव्हा तू नसशील, ते मी सोसेन. पण म्हातारी उठली की एक दिवसही थांबू नकोस.

तुझी बायको,
रोहेसा

---

खालचं गाव, उलवेनच्या पायथ्याशी
वसंताचा महिना, दिवस सतरावा

रोहेसा,

म्हातारी काल उठली. आळस दिला, गुहेतून बाहेर आली, डोंगरावर उन्हात जाऊन बसली. मी त्याच वेळी घोड्यावर खोगीर चढवलं. खिंड आता हिवाळ्यापर्यंत कारकुनाच्या ताब्यात. पुढच्या हिवाळ्याचं काय करायचं ते राणीसाहेबांनी ठरवावं. त्या हिवाळ्यात इकडे येऊन राहणार असतील तर गुहेशी बसायला दुसरी एक जागा आहे, ऊबदार आहे.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलंय. भांडायला तयार आहे. तुझंच खरं आहे, तरी भांडेन, तुला एकटीला भांडायला मजा येणार नाही म्हणून.

एक गोष्ट मात्र आजच लिहायची होती, म्हणून इथे थांबून हे लिहितोय. मावशी उद्या पहाटे पुढे निघते, मला घोड्याला नाल ठोकून घ्यायला दुपार होईल. गेलं वर्षभर मी या गावात आलो की उजवा हात आधी मोज्यात आणि मग अंगरख्यात खुपसून यायचो. आज गावच्या वेशीवर सगळी माणसं उभी होती. राणीचा नवरा चाललाय हे मावशीने आधीच पसरवलेलं. बायका, म्हातारे, पोरं, सगळे हात हलवत होते. मी सवयीने उजवा हात अंगरख्याकडे नेला. मोजा नव्हता. माझ्याजवळ दुसरा नाही, आहे तो तुझ्याकडे.

मी हात बाहेर काढला आणि वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि वेशीपासून देवळापर्यंत तसाच धरून आलो. वारा बोचरा होता. तीन आठवड्यांत दरबारात पोचतो. तोवर हा हात उघडाच राहील.

तुझा नवरा,
ऑस्बर्न